जरा दमानं घ्या: धावपळीत थांबायचं कसं, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रंकाळ्याच्या काठावर रविवारी सकाळी आम्ही काहीजण शांत बसतो, थोडं चालतो, मग चहा घेऊन आपापल्या घरी जातो. एवढंच. पण त्यावरून व्हॉट्सअपवर, चहाच्या गाड्यावर, अगदी लग्नाच्या पंगतीत सुद्धा लोक प्रश्न विचारत राहतात आणि बरेचसे तेच ते असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. प्रश्न ज्यांनी जसे विचारले तसेच ठेवलेत. आपला वाटेल तो वाचा, बाकीचे नंतर.

१. दमानं घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं? काम कमी करायचं का?

काम तेवढंच राहू दे. हात जिथं आहेत तिथं डोकं आणायचं, बास.

सीझनला कधी गुऱ्हाळावर गेलात तर गुळव्याकडं बघत उभं राहा. काईल उकळत असते, चुलवाणात जळण टाकणारा टाकत असतो, रस प्यायला आलेल्या पाहुण्यांचा दंगा चाललेला असतो, कुणीतरी काकवी मागत असतं, आणि हा माणूस शांतपणे वर आलेली मळी काढतोय, फेसाचा रंग बघतोय, उकळीचा आवाज ऐकतोय. मधेच थोडा पाक गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी गोळी वळते का बघतो. नाही वळली, परत थांबतो. वळली की मग जी पळापळ होते ती बघण्यासारखी, सगळे मिळून काईल उतरवतात आणि वाफ्यात ओततात, कारण थोडा जरी उशीर झाला तरी गुळाचा रंग गेला. म्हणजे गुळव्या काय संथ नसतो, चांगला चपळ असतो, पण घाई कधी करायची आणि कधी नाही हे त्याला कळतं कारण त्याचं लक्ष दुसरीकडं कुठं गेलेलंच नसतं. मला दमानं घेणं म्हणायचंय ते हे.

२. ताई, टाइमच मिळत न्हाई ओ. कधी करायचं हे सगळं?

वेगळा टाइम काढायच्या भानगडीत सुरुवातीला पडूच नका. दिवसात थांबावं लागतंच आपल्याला, दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत, कुकरची तिसरी शिट्टी व्हायची असते तेव्हा. ह्या सगळ्या वेळा सध्या मोबाईल खातोय. त्यातली एक, फक्त एकच, परत घ्या.

संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाऊन बघा. म्हैस समोर उभी, माणूस बादली घेऊन बसलेला, लोक ग्लासाची वाट बघत उभे. म्हशीनं पान्हा सोडल्याशिवाय धार येत नाही, तिला कुणाच्या मीटिंगचं काय पडलेलं नसतं. पहिल्या धारा बादलीच्या पत्र्यावर वाजतात तो आवाज वेगळा, दूध साठायला लागलं की आवाज भरीव होतो, मग फेस चढतो. हे ऐकलंय का कधी नीट? नसेल तर पुढच्या वेळी खिशातला फोन खिशातच ठेवा, त्या चार-पाच मिनिटांत प्रॅक्टिस होऊन जाते. (कच्चं दूध लहान पोरांना आणि गरोदर बायकांना देऊ नका, त्यांना उकळलेलंच बरं.)

३. बसायचं कसं? मांडी घालून जमत नाही, गुडघे दुखतात.

मग खुर्चीवर बसा. पाय जमिनीला टेकलेले, पाठ ताठ पण अवघडलेली नको, हात मांडीवर. डोळे मिटले तरी चालतात, नाहीतर समोर चार फुटांवर जमिनीकडं बघा. श्वास नाकानं आत घेताना मनात चारपर्यंत मोजा, सोडताना सहापर्यंत. जबरदस्ती नाही, दम कोंडायचा नाही. पाच मिनिटं बास झाली.

सोडताना जास्त वेळ का, असं एका काकांनी विचारलेलं. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके जरा वाढतात आणि सोडताना जरा कमी होतात, हे शरीर आपोआप करतंच, आपण फक्त सोडायची बाजू लांबवतो. शरीराला शांत करणारी एक मोठी नस आहे, व्हेगस म्हणतात तिला, तिचं काम ह्या वेळी जास्त चालतं. म्हणून टेन्शनमध्ये कुणी "जरा श्वास सोड" म्हणलं की खरंच बरं वाटतं.

४. बसलं की दोन सेकंदात मन भटकायला लागतं. मला हे जमणारच नाही का?

भटकणारच. माणसाचं मन असंच आहे. हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये एक अभ्यास छापला, २,२५० लोकांना फोनवर दिवसभरात अधूनमधून विचारायचं की आत्ता काय करताय, मन कशात आहे आणि कसं वाटतंय. ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतंच. जवळजवळ अर्धा वेळ! आणि मन भटकलेलं असताना लोक कमी खूश होते, मग काम आवडीचं असो नाहीतर कंटाळवाणं.

तेव्हा मन गेलं हे ज्या क्षणी लक्षात आलं तोच खरा व्यायाम. गेलं, कळलं, परत आणलं, परत गेलं, परत आणलं. स्वतःवर चिडायचं नाही, चिडण्यात गेलेला वेळ पण भटकण्यातलाच. पहिल्या रविवारी आलेली माणसं उठताना म्हणतात "आज कायच झालं नाही, नुसते विचार", तर तेवढे विचार चाललेत हे आज पहिल्यांदा दिसलं, हे काय कमी झालं का.

५. मोबाईलचं काय करायचं? सोडायचा म्हणलं तरी सुटत नाही.

सोडायचा नाहीच. पोरांच्या शाळेचा ग्रूप त्यात, भिशीचा ग्रूप त्यात, गॅसचा नंबर त्यात, सोडून जगायचं कसं? जागा ठरवायची. माझ्या मते तीन गोष्टी केल्या तर निम्मा प्रश्न सुटतो. चार्जर झोपायच्या खोलीतून बाहेर काढा आणि गजराला साधं घड्याळ आणा, कारण गजर बंद करायला उचललेला फोन अर्धा तास खाली ठेवला जात नाही. माणसांचे कॉल सोडून बाकी सगळ्या नोटिफिकेशन बंद करा, सेलचे मेसेज आणि गुड मॉर्निंगची फुलं वाजायची काय गरज नाही. आणि ग्रूप म्यूट करा, दिवसातनं दोनदा स्वतःहून उघडून बघा, म्यूट केलेलं कुणाला कळत नाही आणि त्यात कुणाचा अपमान पण होत नाही.

ह्याच्यापुढं अजून एक बघा, फोनकडं हात नेमका कधी जातो. मला दिसलेलं असं की कंटाळा आला, कुणाचं बोलणं लागलं, एखादं काम अवघड वाटलं की हात जातो. फोन उचलायच्या आधी "आत्ता काय झालं?" एवढं मनात विचारायचं. मग उचला खुशाल. धंद्यामुळं फोन घ्यावाच लागतो अशांनी प्रश्न ९ बघा.

६. जेवताना टीव्ही बघितला तर काय बिघडतं?

पोट भरलंय हा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचायला साधारण वीस मिनिटं जातात. सिरीयल बघत दहा मिनिटांत ताट संपवलं तर निरोप यायच्या आधीच दुसरी वाढणी झालेली असते. डॉक्टर हेच सांगतात, ह्यात नवीन काही नाही.

पण मला जास्त वाईट वाटतं ते चवीचं. रविवारी घरात सकाळपासून खटपट करून तांबडा-पांढरा केलेला असतो, खोबरं भाजलेलं, खसखस वाटलेली, पांढऱ्याला नारळाचं दूध काढलेलं, आणि पंगत बसते ती मॅच बघत. पहिले चार घास तरी गप्प बसून खा. पांढऱ्याची वाटी तोंडाला लावल्यावर आधी काय लागतं, मिरी का आलं? आणि जिनं केलंय तिला ते सांगा. पुढं मॅच बघा, माझं काही म्हणणं नाही.

७. मी फाउंड्रीत कामाला आहे, तिसरी शिफ्ट असते. सकाळी उठून ध्यान करा म्हणतात, आमची सकाळ म्हणजे झोपायची वेळ.

तुम्ही झोपा. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला झोपेपेक्षा मोठी साधना दुसरी नाही. मोठ्या माणसाला दिवसाला निदान सात तास झोप लागते आणि दिवसा ती तुटक मिळते, तेव्हा पडदा जाड लावा, फोन बाहेरच्या खोलीत, आणि घरच्यांनी त्या वेळेत मिक्सर लावायचा नाही हे बसून ठरवा. रात्रपाळीनंतर डोळे मिटून बसलात तर पेंगणारच, त्यात दोष काही नाही.

तुमच्यासाठी वेळ आहे ती शिफ्ट सुटल्यावर हात धुतानाची. काळी वाळू नखांत, कोपरापर्यंत काजळी, साबण एकदा लावून निघत नाही. ते धुताना फक्त धुवा. पाणी गार आहे का कोमट, फेस काळा येतोय का आता पांढरा यायला लागला, बोटं कुठं आखडलीत. तोपर्यंत शिफ्टमधला सुपरवायझर डोक्यातनं उतरलेला असतो आणि तुम्ही घरी जाताना एकटे जाता. शिरोलीच्या एका दादांना हे सांगितलं तर ते म्हणाले घरात पोरांवर ओरडणं कमी झालंय.

आणि एक, भट्टीपाशी, ओतकाम चालू असताना श्वास मोजत बसायचं नाही. तिथं सगळं लक्ष लॅडलवर.

८. सकाळी साडेपाचपासून मी उभी आहे. डबे, सासऱ्यांची औषधं, पोरांची शाळा, मग माझं ऑफिस. मी कुठं थांबू ते सांगा.

हा प्रश्न बायकांकडनं सगळ्यात जास्त येतो आणि ह्याला श्वास मोजा असं उत्तर देणं मला पटत नाही. तुम्ही थांबू शकत नाही याचं कारण तुमचं मन चंचल आहे हे नाहीच, चार माणसांचं काम एक माणूस करतंय हे आहे. लोक अशा बाईला मेडिटेशनचं ॲप डाउनलोड करून देतात, म्हणजे तिच्या यादीत आणखी एक काम.

आधी कामाची वाटणी. भांडून नको, पण मोघम पण नको. "जरा मदत करत जावा" म्हणून काहीच होत नाही, कारण मदत म्हणलं की काम तुमचंच राहतं आणि समोरचा उपकार करतो. एखादं अख्खं काम सोपवायचं. म्हणजे सासऱ्यांच्या गोळ्या आणणं, डबीत भरणं, संपत आल्या की दुकानात जाणं, डॉक्टरांची तारीख लक्षात ठेवणं, हे सगळं नवऱ्याकडं. आठवण सुद्धा करून द्यायची नाही. पहिल्या आठवड्यात काहीतरी राहील, तेव्हा तोंडावर हात ठेवून गप्प बसणं हीच तुमची प्रॅक्टिस, आणि ती श्वासाच्या प्रॅक्टिसपेक्षा अवघड आहे. (बीपी-शुगरसारख्या रोजच्या गोळ्या मात्र चुकू देऊ नका, तेवढ्यावर नजर ठेवा.) पोरगं दहा वर्षांचं असलं तर स्वतःचं दप्तर आणि पाण्याची बाटली त्याचं काम. सासूबाईंना "तुम्ही भाजी निवडून द्या" म्हणलं तर बहुतेक ठिकाणी त्यांना बरंच वाटतं, कुणी विचारलं म्हणून.

मग जी दहा मिनिटं सुटतील ती भरू नका. तेवढ्यात ओटा पुसून घेऊ असं होतंच, तिथं हात आवरा. कप घेऊन दारात बसा आणि गरम चहा गरम असताना प्या. कित्येक बायकांनी मला सांगितलंय की घरात गार चहा पिणारी माणसं त्या एकट्याच.

९. लक्ष्मीपुरीत आमचं धान्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक समोर, फोन कानाला, बिल हातात, हे एकावेळी करावंच लागतं. दमानं घेतलं तर धंदा बसेल.

खरं बघितलं तर तिन्ही कामं एकावेळी होत नाहीत, डोकं एकातनं दुसऱ्यात उड्या मारतं आणि दर उडीला थोडं मागंच राहतं. सोफी लरॉय नावाच्या संशोधक बाईंनी २००९ मध्ये हे दाखवलंय, एक काम अर्धवट टाकून दुसरं धरलं की लक्षाचा काही भाग पहिल्यात अडकून राहतो आणि दुसरं काम कच्चं होतं. बिलात चुका होतात, पोती मोजताना आकडा विसरतो, तो ह्यामुळं.

पुढं त्यांच्याच कामातनं एक सोपा उपाय निघाला. दुसरीकडं वळायच्या आधी आपण कुठं थांबलो आणि परत आल्यावर काय करायचं ते एका ओळीत लिहायचं. दुकानात गल्ल्याशेजारी एक पॅड ठेवा, फोन वाजला की आधी "२३ पोती मोजली, २४ पासून" असं खरडा आणि मग फोन घ्या. दोन सेकंद जातात. आणि समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला हातानं थांबवण्यापेक्षा "एक मिनिट हं दादा" असं त्याच्याकडं बघून म्हणा, तो थांबतो आणि परत येतो.

१०. फोटो काढायचे नाहीत का मग? आठवणी राहतात की त्यानं.

काढा, पण कमी काढा. लिंडा हेन्केल यांनी म्युझियममध्ये लोकांना फिरवून बघितलंय (२०१४ चा पेपर), ज्या वस्तूंचे नुसते फोटो काढले त्या लोकांना कमी आठवल्या, ज्या फक्त बघितल्या त्या जास्त. मात्र वस्तूचा एखादाच भाग झूम करून काढला तर आठवण शाबूत राहिली, कारण तसा फोटो काढायला नीट बघावं लागतं.

दसऱ्याला संध्याकाळी दसरा चौकात सोनं लुटायला जी गर्दी होते तिथं आता नुसते वर केलेले हात दिसतात. मागं बापाच्या खांद्यावर बसलेलं पोरगं असतं, त्याला पालखीऐवजी पन्नास स्क्रीन दिसतात. माझं सांगणं एवढंच, आधी बघून घ्या, मग एक फोटो, तो पण पूर्ण चौकाचा नको, आपल्या आजीच्या हातातल्या आपट्याच्या पानांचा घ्या.

११. रिकामं बसलं की घरातले आळशी म्हणतात.

पैलवानाला कुणी आळशी म्हणतं का? आपल्या तालमीत पोरं पहाटे जोर-बैठका मारतात, लढतात, खुराक घेतात आणि दुपारी गाढ झोपतात, आणि वस्ताद स्वतः बघतो की झोपलेत ना. खासबागेत उतरणाऱ्याला विश्रांती हा मेहनतीचाच भाग असतो हे अख्ख्या कोल्हापूरला माहितीये. घरच्यांना हे सांगा. तरी बोलले तर बोलू द्या.

१२. हे कुठल्या धर्माचं आहे? आमच्यात चालेल का?

आमच्या रविवारच्या बसण्यात मंत्र नाही, फोटो नाही, गुरू नाही. ज्याला "माइंडफुलनेस" म्हणून दवाखान्यात शिकवतात ते जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल स्कूलमध्ये जुनाट दुखण्याच्या पेशंटसाठी सुरू केलं, आठ आठवड्यांचा कोर्स, मूळ बौद्ध साधनेतलं पण धर्म बाजूला ठेवून मांडलेलं. विपश्यना करायची असेल तर गोएंका गुरुजींच्या परंपरेतलं दहा दिवसांचं मौन शिबिर असतं, फी नसते, दानावर चालतं, आणि त्यासाठी इगतपुरीलाच जायला पाहिजे असं नाही, हातकणंगले तालुक्यात आळत्याला केंद्र आहे. मात्र तिथं दहा दिवस फोन नाही आणि मधनं उठून यायचं नाही, तयारीनं जा.

तुमच्या घरात आधीपासून काही असेल तर तेच नीट करा असं मी म्हणेन. हरिपाठ असेल, नमाज असेल, जैन घरात सामायिक असतं, ४८ मिनिटं एका जागी बसायचं, म्हणजे हा विषय त्यांना शिकवायला आपण कोण. फक्त करताना घड्याळाकडं आणि फोनकडं बघत उरकायचं नाही.

१३. गाडी चालवताना केलं तर चालेल का? तेवढाच वेळ एकटा असतो.

श्वास मोजणं, ऑडिओ लावून डोळे जड करणं, हे गाडीवर अजिबात नाही. रस्त्याकडं बघणं, आरसा बघणं, समोरच्या ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या डुलतायत हे दिसणं, हीच तिथली प्रॅक्टिस. ऊस वाहतुकीच्या दिवसांत तर नक्कीच. सिग्नलला थांबल्यावर काय करायचं ते प्रश्न २ मध्ये आहे.

१४. सगळे म्हणतात शांत वाटतं. मला मात्र डोळे मिटले की छातीत धडधडतं, जुनं काय काय वर येतं. मी चुकीचं करतोय का?

चुकीचं काही करत नाही आहात, आणि जोर लावून बसू पण नका. काही माणसांना, विशेषतः ज्यांनी अपघात, मारहाण, जवळच्याचा मृत्यू असं काही सोसलंय त्यांना, शांत बसणं आधी त्रासदायकच होतं. डोळे उघडे ठेवा. श्वासाऐवजी पायाखालची जमीन, हातातला गार ग्लास, समोरच्या झाडाची पानं ह्याच्याकडं लक्ष द्या. बसण्यापेक्षा चाला, कुणाबरोबर तरी चाला. तरी धडधड थांबत नसेल, झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल तर हे डॉक्टरांकडं जायचं काम आहे, आमच्या ग्रूपचं नाही. छातीत खरंच दुखत असेल तर आधी दवाखाना. सरकारची टेली मानस म्हणून हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फोन फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. फोन करायला कमीपणा वाटून घेऊ नका.

ज्यांची मानसिक आजाराची औषधं चालू आहेत त्यांनी दहा दिवसांच्या शिबिराला (प्रश्न १२) जायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचंच, आणि फॉर्ममध्ये लपवायचं नाही.

१५. दमानं घेऊच नये अशी वेळ असते का?

असते की. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं आपण सगळ्यांनी बघितलंय. सुतारवाड्यासारख्या सखल भागात राहणाऱ्यांनी आकडा चाळिशीकडं निघाला की "बघू संध्याकाळपर्यंत" म्हणत बसायचं नाही, तिथं शांत राहण्याच्या नावाखाली बरेच जण उशीर करतात.

त्या वेळी डोकं ठिकाणावर ठेवायचं असेल तर काम आधीच करून ठेवावं लागतं. मे महिन्यातच एक कागद भिंतीला लावा. आधी माणसं, मग जनावरांची दावी सोडायची, मग औषधं, आधार कार्ड आणि बँकेची पासबुकं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, मेन स्विच बंद, गॅसची टाकी बंद, टीव्ही-फ्रीज सगळ्यात शेवटी. कोण काय उचलणार ते नावासकट लिहा, आणि गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या आजींना कोण घेऊन जाणार ते पण त्यातच लिहा.